द्वारकाबाईंची नवमी

मसुऱ्यातल्या चंद्रावतीबाईंचे वडील घरच्या समजुतीप्रमाणे एकशेतीन वर्षांचे होते आणि हयात होते. त्यांना पाहिलेलं माणूस आता गावात उरलं नव्हतं. खुद्द चंद्रावतीबाईंनीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या आईच्या पोटात असतानाच सहदेव दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. पण ते गेले असंही कुणी येऊन सांगितलं नाही. म्हणून त्यांचा दहावा-तेरावा झाला नाही. बारा वर्षं वाट बघून दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, तेवढंही झालं नाही.

पितृपंधरवड्यात गुरुदास भटजी म्हाळ घालायला यायचे. चंद्रावतीबाईंचा मुलगा मंगेश सोवळं नेसून पाटावर बसायचा. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं होत होत भटजी आईच्या वडिलांपाशी यायचे आणि थांबून माजघराच्या दाराकडे बघायचे. आतून चंद्रावतीबाई म्हणायच्या, "ते ऱ्हवांदेत." मग मंगेशच्या हातावरचं पाणी त्यांना ओलांडून पुढच्या नावावर पडायचं.

आईचं मात्र सगळं यथासांग होतं. द्वारकाबाई अठ्ठ्याऐंशी साली गेल्या, त्या हातभर चुडा आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू घेऊन. हिरव्या लुगड्यात त्यांना नेलं. घोव जिवंत असताना जी बाई जाते तिचा दिवस पंधरवड्यातल्या नवमीला, अविधवा नवमीला. तेव्हापासून दर नवमीला चंद्रावतीबाईंच्या घरी एक सवाष्ण जेवायची. गेली सोळा वर्षं वाडीच्या दुसऱ्या टोकाची सुगंधा यायची. तिला पाटावर बसवायचं, वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची आमटी वाढायची आणि नारळ-खणानं ओटी भरायची. कुंकू लावायला सून रश्मी असायची. चंद्रावतीबाईंचे यजमान बारा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. त्या तेवढ्या वेळापुरत्या चुलीपाशी बसून राहायच्या.

गेल्या मार्गशीर्षात त्यांना ऐंशी वर्षं पुरी झाली. तन्वीनं, म्हणजे मंगेशच्या मुलीनं, त्यांना ऐंशी दिव्यांनी ओवाळलं. सगळे हसतखेळत जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा करता करता चंद्रावतीबाईंचे हात थांबले. आपण ऐंशीच्या, तर बाबा एकशेतीनचे. असं माणूस कुठं असतं? आणि नसतं, तर मग हे इतकी वर्षं कुणाच्या दारात पाण्यासाठी उभे आहेत? जित्या माणसाच्या नावानं पिंड ठेवला तर पाप, मेलेल्याचा न ठेवला तर त्याहून मोठं पाप. दोन्हींच्या मधे त्यांचा बाप ऐंशी वर्षं लोंबकळत होता. आणि आता आपण गेलो की 'ते ऱ्हवांदेत' म्हणायलासुद्धा कुणी उरणार नाही.

त्या दिवशी त्यांनी तन्वीला जवळ बसवून सांगितलं की मला बाबांची तिथी हवी. ते कुठं पडले ते कळलं तर बरंच, त्यांना जाळलं की पुरलं तेही कळायला हवं, पण तिथी आधी.

आता तिथी कशी माहीत नाही, याची गोष्ट अशी. सहदेव हे घरचे एकुलते एक. त्यांचे वडील त्यांना पलटणीत जाऊ देईनात. तेव्हा ते मामाकडे म्हणून फोंडाघाटला गेले आणि तिथूनच भरती झाले. पत्रंही फोंड्याला मामांकडे यायची. हरिश्चंद्रमामा ती घेऊन बाजारच्या दिवशी कणकवलीपर्यंत येत आणि कुणाच्या तरी हाती मसुऱ्याला धाडत. चव्वेचाळीस साली आंगणेवाडीच्या जत्रेला सहदेव रजेवर आले, महिनाभर राहिले आणि गेले. नंतर दोन पत्रं आली. मग काहीच नाही.

लढाई संपली. कुडाळचे, सावंतवाडीचे, आजूबाजूच्या वाड्यांतले शिपाई घरी आले. सहदेव आले नाहीत. तेव्हा सहदेवच्या वडिलांनी ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवानं ओल्या पाषाणावर फुलांच्या कळ्या चिकटवल्या, साऱ्या गावादेखत गाऱ्हाणं घातलं की लेकरू जितं असेल तर उजवी दे. उजवी कळी पडली. झालं. देवानं सांगितलं म्हटल्यावर द्वारकाबाईंच्या कपाळाला हात लावायची कुणाची छाती होती? त्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि कमरेवर दीड वर्षाची चंद्रावती होती. पुढं गावातल्या बायका हळदीकुंकवाला त्यांना बोलवायच्या खऱ्या, पण मागून कुजबुजायच्याही. "हिचो घोव खंयच्या बंदरात आसा ता देवाकच म्हायत." द्वारकाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

चंद्रावतीबाईंच्या यजमानांनी पूर्वी दोनदा बेळगावला पलटणीच्या कचेरीत लिहून बघितलं होतं. ते या घरात जावई म्हणून आले आणि मुलासारखे राहिले, तेव्हा सासऱ्याचा शोध त्यांना आपलं काम वाटायचं. दोन्ही वेळा उत्तर आलं, मसुरे गावचा या नावाचा शिपाई नोंदीत आढळत नाही. मग त्यांनीही नाद सोडला.

तन्वी तोंडवलीला एका पर्यटक निवासात बुकिंग बघायची. तिच्या मोबाइलवर दिवसभर परदेशातल्या माणसांचे मेल यायचे. तिनं लढाईत मेलेल्यांची नावं असलेली यादी शोधून काढली, पण मसुरे घातलं की काही येईना. महिनाभर ती तेच करत राहिली. शेवटी तिनं पणजोबांचा वर्दीतला फोटो चौकटीतून सोडवला. मागं पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला होता. ओरोसच्या सैनिक कार्यालयात एक निवृत्त सुभेदार बसायचे. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले की हा शिपायाचा नंबर आहे, नावगावापेक्षा हा पक्का.

नंबर घातल्यावर एकच ओळ आली. तन्वी ती घेऊन कामावरून लवकर घरी आली. चंद्रावतीबाई मागच्या पडवीत आमसुलं निवडत होत्या.

"आज्ये, गावले," ती म्हणाली आणि खाली बसली.

सहदेव. वय बावीस. बावीस सप्टेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस. देश इटली. एका गावाबाहेरची लष्करी दफनभूमी, आणि पुढं 'हरिश्चंद्र यांचा भाचा, राहणार फोंडाघाट'. वडिलांच्या परवानगीवाचून भरती झालेल्या पोरानं घर म्हणून मामाचं घर सांगितलं होतं. लोक मसुऱ्यात शोधत होते आणि कागद फोंड्याचा होता.

चंद्रावतीबाईंनी एवढंच विचारलं, "पुरल्यांनी की अग्नी दिल्यांनी?"

तन्वीनं दफनभूमीचा फोटो मोठा करून दाखवला. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या ओळी होत्या, पण सहदेवांचं नाव त्यांत नव्हतं. एका बाजूला एक भिंत होती. ज्या हिंदू आणि शीख शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे जाळलं त्यांची नावं त्या भिंतीवर. वरून सातव्या ओळीत सहदेव होते. चंद्रावतीबाईंनी आमसुलाचे काळे हात पदराला पुसले आणि मोबाइलला नमस्कार केला. वर्षानुवर्षं त्यांच्या पोटात भीती होती की बापाला परक्या मातीत मुसक्या बांधल्यासारखा पुरला असेल. तेवढी एक गाठ सुटली.

दुसरी त्याच वेळी बसली. फोंड्याचा पत्ता, म्हणजे कागद फोंड्याला गेला असणार. मग तो मसुऱ्याला का आला नाही?

चार दिवसांनी मंगेशनं गाडी काढली आणि ते फोंड्याला गेले. हरिश्चंद्रमामा चौसष्ट साली वारले होते. घरात त्यांचा मुलगा धोंडू होता, एकोणनव्वद वर्षांचा, कानानं जड पण डोक्यानं शाबूत. धोंडूंची सून चहा ठेवायला आत गेली. तन्वीनं मोबाइलवरचं नाव दाखवलं. धोंडूंनी ते निरखून बघितलं. मग उठले, आतल्या खोलीतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले आणि त्यातला चार घड्यांचा तपकिरी कागद त्यांनी चंद्रावतीबाईंच्या मांडीवर ठेवला. इंग्रजी टाइप केलेला होता. तारीख तीच.

"ह्यो तुमच्याकडे कदीपासून आसा, धोंडूदादा?"

"मी आठ वर्सांचो होतंय तेवापासून."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं की कागद आला तेव्हा द्वारकाबाईंना सातवा महिना लागला होता. हरिश्चंद्रमामा म्हणाले, आता सांगितलं तर मायलेकरं दोघंही जातील, बाळंतपण होऊ दे. बाळंतपण झालं, तर द्वारकाबाई तापानं फणफणल्या. त्या उठल्या, तर सहदेवची आई अंथरुणाला खिळली. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, पुढल्या बाजाराला जाऊन सांगतो. आणि मग एक दिवस मसुऱ्याहून निरोप आला की देवाला कौल लावतो आहोत, थोरला माणूस म्हणून तुम्ही या.

"आणि मामा गेले?"

"बाबा गेलो. देवळात सगळ्यांच्या फुडे उभो होतो. कळी उजवी पडली. घराकडे इलो, आणि तीन दिवस जेवलो नाय. आयेक म्हणालो, आता मी तोंड उघडलंय तर देव खोटो पडतलो."

चंद्रावतीबाईंचा आवाज चढला नाही. कागदाच्या घड्या परत घालत त्या म्हणाल्या, "मामा देवाक भियालो. आणि तुमी? मामा जावन साठ वर्सां झाली."

धोंडूंनी कानामागं हात धरला होता, तो खाली घेतला. त्यांना ऐकू आलं होतं.

"मी इल्लंय," ते म्हणाले. "बाबा गेले त्या वर्सा. कागद खिशात घालून मसुऱ्याक इल्लंय. तुझा लगीन ठरला होता. तुझी आवस पडवीत बसान रुखवताच्या करंज्ये करी होती. माका बघल्यान. पाणी दिल्यान. आणि म्हणाली, 'धोंड्या, तुझ्या खिशात काय आसा ता माका म्हायत आसा. ता थंयच ऱ्हवांदे. आदी माझ्या चेडवाक हळद लागांदे.'"

सून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"मगे?"

"मगे लग्नानंतर परत गेलंय. म्हणाली, पयला नातवंड होवंदे. त्याच्यानंतर मी येवचाच सोडलंय."

परतीच्या वाटेवर गाडीत तो कागद मांडीवरच होता. चंद्रावतीबाईंच्या डोळ्यांपुढं आपलं लग्न होतं. आई विधवा ठरली असती तर ती त्या दिवशी कोठीच्या खोलीत बसली असती आणि मंडपात मावश्या मिरवल्या असत्या. तसं झालं नव्हतं. आईनं स्वतःच्या हातानं हळद लावली होती, गौरीहरापाशी बसवलं होतं, जावयाचे पाय धुतले होते. सगळ्या वाडीत त्यांच्या आईइतकी नटलेली बाई त्या दिवशी दुसरी नव्हती. चंद्रावतीबाईंना तो दिवस आयुष्यभर सुखाचा वाटत आला होता. आता त्यांना कळत होतं की तो कुणाच्या तहानेवर उभा होता. आईला माहीत होतं. तिनं दर वर्षी वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं आणि तिला माहीत होतं. लेकीसाठी तिनं नवऱ्याला पाणी दिलं नाही. चंद्रावतीबाईंना आईची दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं येतं हे त्यांना समजत नव्हतं.

मुंबईच्या एखाद्या घरात ही गोष्ट इथं संपली असती. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला असता. मसुऱ्यात संपत नाही. दोन दिवसांनी त्या तारीख घेऊन गुरुदास भटजींकडे गेल्या.

गुरुदासांनी जुनं पंचांग काढलं, मोबाइलवर पडताळून बघितलं. आश्विन शुद्ध पंचमी, नवरात्रातली. म्हणजे पंधरवड्यात पंचमीला त्यांचा म्हाळ. चंद्रावतीबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पंचांग मिटता मिटता गुरुदास म्हणाले, "आणि काकी, नवमीचं काय करायचं?"

"नवमीचा काय?"

गुरुदासांना बोलणं अवघड गेलं. ते पन्नाशीचे, लहानपणापासून या घरात जेवलेले. ते म्हणाले की अविधवा नवमी असते ती नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. तुमचे वडील चव्वेचाळीस साली गेले. आई अठ्ठ्याऐंशी साली. शास्त्राप्रमाणे त्या चव्वेचाळीस वर्षं विधवा होत्या. त्यांचा दिवस त्या गेल्या त्या तिथीला, तृतीयेला. आपण सदतीस वर्षं भलत्या दिवशी बोलावत होतो.

वडिलांच्या हातावर पाणी घालायचं, तर आईच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं, असा हा मामला होता. चंद्रावतीबाईंच्या मनात हे आलंच नव्हतं.

"देव खोटो बोललो काय रे, गुरुदास?"

"ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी देवाला विचारलं, काकी. ज्याला ठाऊक होतं तो गप्प उभा राहिला. त्याचा बोल देवाला कसा लावायचा?" आणि मग जरा थांबून, "दोन्ही दिवस केलेत तर मी काही अडवणार नाही. विचारलंत म्हणून सांगितलं."

घरी मंगेशनं तेच उचललं. दोन्ही कर, म्हणाला. पंचमीला आजोबांचं, नवमीला आजीचं, चाललंय तसं चालू दे. भटजींना कोण विचारतंय आणि गावाला कुठं कळणार आहे? चंद्रावतीबाई म्हणाल्या की दोन्ही केली तर एक खोटी होते. नवमी खरी असेल तर पंचमीला ज्याला पाणी देतोस तो कोण?

"आये, आजी जावन सदतीस वर्सां झाली. आता तिका उघडी कित्याक पाडतंस? लोक म्हणतले, द्वारकाबायन घोव मेल्यार कुंकू लायल्यान."

"लायल्यानच मा."

"तुझ्यासाठी लायल्यान."

चंद्रावतीबाई उठून माळ्यावरची पातेली काढायला लागल्या. रश्मी मधे पडली नाही. पण संध्याकाळी दिवा लावताना ती सासूला हळूच म्हणाली की तुम्ही काय ठरवाल ते मी करीन, फक्त आदल्या दिवशी सांगा, वड्याचं पीठ भिजवायला हवं. चंद्रावतीबाईंना त्याही स्थितीत हसू आलं.

पंचमीला गुरुदास आले. मंगेश पाटावर बसला. आईच्या वडिलांपाशी आल्यावर भटजींनी या वेळी दाराकडे बघितलं नाही. त्यांनी गोत्र म्हटलं, सहदेव म्हटलं, आणि मंगेशच्या अंगठ्यावरून तिळाचं पाणी ताम्हनात पडलं. एक्याऐंशी वर्षांनी. चंद्रावतीबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. छातीवरचं ओझं उतरेल असं त्यांनी धरलं होतं. उतरलं असेल थोडं, पण वडिलांचं नाव ऐकताना त्यांना वडील दिसले नाहीत. त्यांना करंज्यांची कड मुरडत बसलेली आई दिसली. हातातलं काम न सोडता तिनं ते वाक्य म्हटलं असणार.

मधले तीन दिवस चंद्रावतीबाई दुपारी पडवीत बसायच्या. एकदा त्यांनी रश्मीला विचारलं की माझ्या वेळी, म्हणजे हे गेले तेव्हा, मला कुणी नटवलं होतं? रश्मी म्हणाली, ह्यांच्या आत्यांनी. हिरव्या बांगड्या भरल्या, गजरा घातला, कुंकू लावलं, आणि दहाव्याला ते सगळं काढलं. चंद्रावतीबाई म्हणाल्या, हां. मला धड आठवत नव्हतं. मग उठता उठता म्हणाल्या, पीठ भिजव.

नवमीला दहाच्या सुमारास सुगंधा आली. तिला निरोप लागत नसे. न्हालेली, नऊवारी नेसलेली, हातात स्वतःच्या परसातली अबोली. "आज उशीर मा झालो, गो?" म्हणत ती पायरी चढली. मंगेश दारासमोरच्या खळ्यात होता, तो आईकडे बघून थांबला.

चंद्रावतीबाईंनी तिला आत नेलं नाही. पडवीतच बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंतीवरचं नाव, फोंड्याचा कागद, मामांचं देवळात उभं राहणं, धोंडूचा खिसा. द्वारकाबाईंचं वाक्य आलं तेव्हा मंगेश विहिरीकडे निघून गेला. चंद्रावतीबाईंनी तेही पुरं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

सुगंधा मोठी बोलघेवडी बाई. सबंध वाडीची खबर तिच्याकडे. पण ऐकून झाल्यावर तिनं अबोली पदरात घेतली आणि उठायला लागली.

"मगे माजा हय काय काम, चंद्रावयनी? सवाशीण म्हणान बसलंय तर माकाच दोष लागतलो."

"बस."

"तसा नाय गो..."

"बस म्हणतंय मा." चंद्रावतीबाईंनी तिचा हात धरला. "घोव गेलो काय बायलेक एकदा नटवतत. चुडो भरतत, कुंकू लावतत, मगेच काढतत. माझ्या आयेक तसा कोणी केला नाय. तिना आपलाच आपण लावन घेतल्यान आणि आपणच जपल्यान. आज तिका शेवटचा नटवूया. तिच्या वाटणीची तू बस. फुडल्या वर्सापासून तिचो दिवस तृतीयेक."

सुगंधानं डोळ्यांना पदर लावला आणि बसली.

रश्मीनं पाट मांडला. सुगंधाच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, केसांत अबोली माळली, हळद लावली, कुंकू लावलं. दर वर्षी टिकलीएवढं लावायची, आज रुपयाएवढं लावलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रावतीबाई चुलीपाशी गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. कढईतले वडे तन्वीनं आणून वाढले. सुगंधा सावकाश जेवली. तिनं खीर दोनदा मागून घेतली. द्वारकाबाईंना खीर आवडायची, हे सोळा वर्षांत तिला ठाऊक झालं होतं.

ओटी घेऊन ती निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मंगेश विहिरीकडून परतला होता आणि खळ्याच्या कडेला उभा होता. सुगंधा शेवटच्या पायरीवर थांबली. तिला घरी जाईपर्यंत निदान चार दारांतून हाका येणार होत्या, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"कोणी इचारल्यांनी तर काय सांगू?" तिनं विचारलं.

"सांग, माझ्या बापाशीचो दिवस गावलो."

"आणि आयेचा?"

चंद्रावतीबाईंनी मुलाकडे बघितलं. तो खाली मान घालून पायानं खडा सरकवत होता.

"आयेचा इचारतीत त्यांका हय धाड," त्या म्हणाल्या. "ता मी सांगान."